शंभरातला एक

तेजलला सोपं लिहायला शिकवलं ते ज्ञानेश सरांनीच. चाकणच्या त्या पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये सेफ्टीचं काम बघणारा हा माणूस कायम म्हणायचा, "टक्के-बिक्के साहेबांना दाखव. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला जातो, तो झाडणाऱ्या मावशींनाही कळला पाहिजे." तेजल या बोलण्यावर फिदा होती. वेडी पोर!

यंदा इजांच्या रिपोर्टसाठी तिने जीव ओतून काम केलं. जुन्या प्रेसवरच्या बायका हाताला लागलं तरी सांगत नसत. कंत्राटी नोकरी, उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही धास्ती. तेजल त्यांच्यात डबा खायला बसू लागली. "नाव कुणाचं येणार नाही, फक्त आकडा येईल," ती म्हणायची. "आकडा आला की सेन्सर बसेल. हात आत असला की मशीन आपोआप थांबेल." शेवटी त्यांच्यातल्या अफरीनने ओढणीखालचा जखमी हात बाहेर काढला, मग बाकीच्याही बोलल्या. तेजलने लिहिलं, 'जुन्या प्रेसवरच्या दर आठ जणींपैकी एकीच्या हाताला यंदा इजा झाली.'

सोमवारी सकाळी सर रिपोर्ट वाचायला उभे राहिले. तेजल मॅडमनी केलाय, हेही आवर्जून सांगितलं.

"आपल्या कंपनीत शंभरातल्या फक्त एकाला इजा झाली. तेव्हा सेन्सरची यंदा गरज नाही."

टाळ्या पडल्या. ऑफिस, स्टोअर, कॅन्टीन, गेटवरचे वॉचमन, सगळ्यांना धरून हिशेब केला होता मेल्याने! ज्यांनी जन्मात प्रेसला हात लावला नाही त्यांनाही. प्रेसलाइनच्या बायका मात्र तेजलकडे बघत होत्या.

ती थेट केबिनमध्ये घुसली. "सर, हा दगा आहे. माझ्या नावावर!"

"एक तरी आकडा खोटा आहे का? दाखव." त्यांनी मान वर केली नाही. "आणि सोपंच लिहिलंय की."

ती केबिनबाहेर पडली. ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, त्यानेच आपल्याला वापरलं, एवढंच डोक्यात घण घालत राहिलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा प्रेसलाइनवर गेली. अफरीनच्या अंगठ्याला जाड पट्टी होती.

"अगं, हे कधी झालं? प्रेसवर ना?"

"न्हाई मॅडम," अफरीन म्हणाली. इतके दिवस ती ताई म्हणायची. "घरी कांदा चिरताना लागलं. तसंच लिहा."