‘थांबावे’ म्हणणारा फळा

मी फळा बोलतोय. हसू नका. आयुष्यभर लोकांनी माझ्या तोंडावर लिहिलं, मी ब्र काढला नाही. आता म्हातारपणी बोलतोय, तर जरा ऐकून घ्या. खोटं बोलणार नाही. म्हणजे तशी सवय आहे, पण आज नाही बोलणार.

माझा जन्म सुताराच्या अंगणातला. चार फळ्या जोडल्या, पाठीवर दोन पट्ट्या ठोकल्या, काळा रंग फासला आणि झालो तयार. सुताराची बायको म्हणाली, “डावीकडून वाकडा दिसतोय.” सुतार म्हणाला, “लांबून बघ.” तेव्हापासून मी लोकांना लांबूनच बरा दिसतो.

पहिली नोकरी शाळेत. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. सतरा वर्षं चौथीतच होतो, एकदाही पास झालो नाही. माझ्यावर भागाकार शिकलेली पोरं पुढे डॉक्टर झाली, वकील झाली. एकानं तर शाळेचीच नवी इमारत बांधली आणि तिच्यात गुळगुळीत पांढरे फळे लावले. मला बाहेर काढणारा माझाच विद्यार्थी. गणित चांगलं होतं त्याचं.

मग मला नदीकाठच्या छोट्या बस स्थानकानं उचललं आणि चौकशीच्या खिडकीशेजारी टांगलं. तिथं मला बढती मिळाली. शाळेत माझ्यावरचं कुणी खरं मानत नव्हतं, मास्तरांची पाठ वळली की पुसून टाकायचे. इथं मी जे सांगेन ते ब्रह्मवाक्य! लोक धापा टाकत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि खाली बसायचे. मी फुगलो हो. लाकूड दमट हवेत फुगतं, मी मानानं फुगलो.

खिडकीत बसणाऱ्या चौकशीवाल्याला सगळे खडूमास्तर म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव कुलपासारखा. त्याला कुणी प्रश्न विचारलेला खपत नसे. चौकशीच्या खिडकीत बसून! त्याचं म्हणणं असं, की फळा कोरा दिसला की माणूस खिडकीशी येतो, म्हणून फळा कधी कोरा ठेवायचाच नाही. संध्याकाळी घरी जाताना तो मला पुसत नसे. सकाळी येऊन, चहा पिऊन, मग पुसायचा आणि लगेच नवं लिहायचा. रात्रभर कालचं तोंड घेऊन मी उभा. एका कोपऱ्यात बारीक तारीख, बाकी अंगभर मोठमोठी अक्षरं. त्यातला ‘थांबावे’ हा त्याचा लाडका शब्द. त्याच्याखाली दोन रेघा मारल्याशिवाय हात खाली यायचा नाही.

आता तो दिवस सांगतो. माझी अब्रू गेली तो.

आमच्या स्थानकात रात्री एकही गाडी मुक्कामाला नसायची. सगळ्या गाड्या नदीपलीकडच्या आगारात झोपायच्या आणि सकाळी पुलावरून यायच्या. खडूमास्तरही पलीकडेच राहायचा आणि पहिल्या गाडीनं यायचा. त्या पहाटे पुलाच्या एका खांबाला तडा दिसला आणि पूल एकदम बंद झाला. मग गाड्या नाहीत आणि खडूमास्तरही नाही. खिडकीला कुलूप. आत टेबलावरचा फोन वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. लोकांच्या खिशात फोन असायचे दिवस नव्हते ते. पुलाचं आमच्या बाजूला कुणालाच ठाऊक नाही.

आणि माझ्या अंगावर आदल्या दिवशीचं लिखाण: “नऊ चाळीसची गाडी आज उशिरा येईल. प्रवाशांनी थांबावे.” दोन रेघा.

लोक थांबले. आमच्या लोकांची रांग लावायची एक पद्धत होती. पिशव्या ओळीनं ठेवायच्या आणि आपण सावलीत जाऊन बसायचं. पिशवीचा नंबर तो माणसाचा नंबर. एकवेळ माणूस विसरतील, पण पिशवीचा नंबर विसरायचे नाहीत. पहिली पिशवी रोज एकाच आजोबांची, म्हणून त्यांचं नाव पडलं पहिले आजोबा. त्यांच्यामागे छत्रीवाले काका, मग आणखी चारजण. सातवी पिशवी एका बाईची.

ही बाई स्थानकासमोरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. बारा वर्षं मोठाली पातेली उचलून दंड असे झालेले, की मी शाळेतलं पोर असतो तर तिच्यापुढे चूप बसलो असतो. वसतिगृहानं नवी बस घेतली होती. बाईनं जुन्या ड्रायव्हरकडून फावल्या वेळात गाडी शिकून घेतली होती. वसतिगृहाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “लायसन्स आण, बस तुझी. नाहीतर सोमवारपासून दुसरा माणूस येतोय.” चाचणी नदीपलीकडच्या मैदानावर, दुपारी बारा वाजता. दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप, आणि सोमवारच्या आतली शेवटची.

सोबत नणंद. का, तर मागच्या दोन्ही वेळी वहिनीनं घरी नापास झाल्याचं सांगितलंच नव्हतं.

“वहिनी, तू गाडी चालवणार आणि गाडीचीच वाट बघत बसलीस,” नणंद म्हणाली.

“गप गं. मला गिअर आठवू दे.”

“यंदा तरी ब्रेक आणि क्लच वेगवेगळे आहेत ना?”

दहाच्या गाडीची माणसं आली. त्यांच्या गाडीविषयी मी चकार शब्द बोलत नव्हतो. पण नऊ चाळीस येणार म्हणतोय ना फळा, मग तीच सगळ्यांना नेईल, असं म्हणून त्यांनीही पिशव्या लावल्या. नऊ चाळीस झाले. दहा झाले. सव्वादहा. लोक माझ्याकडे बघायचे, मान डोलवायचे आणि परत बसायचे. खरं सांगू? मला मजा येत होती. चाळीस माणसं निव्वळ माझ्या शब्दावर बसलेली! चौथी नापास फळ्याला आणखी काय हवं?

साडेदहाला पाववाल्याचा टेम्पो येऊन थांबला. पाववाला खाली उतरून ओरडला, “अहो, पूल बंद आहे! मी वरच्या बंधाऱ्यावरून वळसा घालून पलीकडे चाललोय. पाव संपलेत, मागे जागा आहे. चला कोण येतंय!”

एक माणूस हलेल तर शपथ.

“फळ्यावर थांबावे लिहिलंय,” पहिले आजोबा म्हणाले.

“आजोबा, पूल बंद आहे हो!”

“मग फळ्यावर तसं लिहिलं असतं. तू पाव विक. गाड्यांचं आम्हाला शिकवू नकोस.”

“आणि आपण गेलो आणि गाडी आली, म्हणजे?” छत्रीवाले काका म्हणाले. “नंबर गेला ना हातचा!”

बाई उठून उभी राहिली होती. नणंदेनं तिचा हात धरला. “वहिनी, बस खाली. सातवा नंबर आहे, खिडकीजवळ जागा मिळेल. टेम्पोत पिठानं माखशील, मैदानावर सगळे हसतील.”

बाई माझ्यासमोर आली. आत फोन वाजत होता. तिनं कुलूप बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बाकी लोक माझ्या मधोमध बघायचे, मोठ्या अक्षरांत. पण गाडी शिकणाऱ्या माणसाला कोपऱ्यातल्या बारीक आरशात बघायची सवय लावलेली असते. तिची नजर थेट माझ्या कोपऱ्यात गेली. 

“अहो, ही कालची तारीख आहे!” ती ओरडली. “हे कालचं लिहिलेलं आहे!”

रांगेत जरा चुळबुळ झाली. पहिले आजोबा विचार करून म्हणाले, “म्हणजे गाडीला कालपासून उशीर आहे.”

“मग तर आता येतच असेल,” छत्रीवाले काका म्हणाले.

बाईनं कपाळावर हात मारला. पाववाल्यानं टेम्पो सुरू केला. तिनं एकदा टेम्पोकडे बघितलं. एकटी चढून जायची तिला काही चोरी नव्हती. पण चाळीस माणसं मागं उन्हात बसलेली, त्यांतली अर्धी तिनं बारा वर्षं रोज पाहिलेली. तिनं पिशवीतून डबा काढला, त्याचं फडकं सोडलं, आणि पातेलं पुसावं तसं मला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं.

“अहो बाई! स्थानकाचं लिखाण पुसता?” काका किंचाळले.

“पुसलं! आता वाचा काय वाचायचंय ते!”

मी कोरा झालो. स्थानकात आल्यापासून गर्दीसमोर पहिल्यांदाच. उघडं पडल्यासारखं झालं हो. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मला सांगायला काही नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, “फळ्यावर तर काहीच नाही.” आणि मग सगळ्यांचे पाय एकदम सुटले. कुणी घराकडे, कुणी चौकातल्या दुकानात फोन करायला, आणि नदीपलीकडे जायची ज्यांना निकड होती ते टेम्पोकडे. तिथंही आधी पिशव्यांच्या नंबरावरून भांडण झालंच. पहिले आजोबा पहिले चढले. नणंद, जी पिठाला नाकं मुरडत होती, ती तिसरी.

आणि बाई? फडकं झटकून, डब्याला बांधून वळेपर्यंत टेम्पो गच्च. मुंगीला शिरायला जागा नाही.

“माझी वहिनी राहिली! तिचीच परीक्षा आहे हो!” नणंद आतून ओरडायला लागली. “मी उतरते, तिला घ्या!”

“तू नाही उतरायचं,” बाई खालून म्हणाली. “तू नसलीस तर क्लच समजून ब्रेक दाबीन मी.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला अचानक फार महत्त्वाचं काम आठवलं. तेवढ्यात पहिले आजोबा हळूहळू खाली उतरले. पिशवी काखेत, कान लाल.

“बसा बाई. मला कुठं जायचंय?”

“म्हणजे? तुमचं ऑफिस?”

“रिटायर होऊन चार वर्षं झाली. नंबर सुटू नये म्हणून येतो.”

टेम्पोतले लोक हसले नाहीत. ते पुढच्या आठवड्यात हसले. बाईनं आजोबांना वाकून नमस्कार केला, त्यांच्या जागेवर चढली, आणि टेम्पो गेला.

स्थानकात राहिलो आम्ही दोघं. एक कोरा आणि एक रिकामा. आजोबा माझ्यापुढे आले. मग खिडकीच्या कट्ट्यावरचा खडू घेऊन त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: “पूल बंद. गाडी नाही. दुसरी सोय बघावी.” अक्षर अगदी कोंबडीच्या पायांसारखं, पण माझ्या अंगावर लिहिलेलं ते पहिलं खरं वाक्य. दिवसभर ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. ज्याला वाचता येत होतं त्यालाही वाचून दाखवत होते.

बाई बाराला पाच कमी असताना मैदानावर पोचली, डोक्यापासून पायापर्यंत पिठात. निकाल मला दोन दिवसांनी, गाड्या बंधाऱ्यावरून यायला लागल्यावर कळला. नणंद घडलं ते खडूमास्तरला खिडकीतून सांगत होती, कारण सगळ्या गावाला सांगून झालं होतं आणि तोच उरला होता. “परीक्षकानं विचारलं, गाडी चालवता की पीठ दळता? वहिनी म्हणाली, बसा तर खरं. एकदा ब्रेक जोरात लागला, तो पुढे आपटला. पण पास केलं! म्हणाला, ब्रेक तरी लागतो.”

खडूमास्तर त्या दिवसापासून संध्याकाळी मला पुसून जायला लागला. चिडून पुसायचा, कातडी सोलल्यासारखा. पहिले आजोबा मात्र पहिल्या नंबरावर पुन्हा बसले नाहीत. ते खिडकीशेजारी उभे राहायचे आणि लोकांचे प्रश्न झेलायचे. खडूमास्तरनं त्यांना स्वतःहून खुर्ची दिली, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही दिलं असेल तर तेच.

आता तिथं लाल दिव्यांची पाटी आहे. ती माझ्यापेक्षा भराभर खोटं बोलते. मी मागच्या बाजूला टायरांच्या ढिगाशी टेकून उभा आहे. एका मेकॅनिकनं रंग ओला असलेल्या कुठल्याशा दारासाठी माझ्यावर ‘हात लावू नये’ लिहिलं आणि दार वाळल्यावर पुसायचं विसरला. त्याला दोन वर्षं झाली. परवा एक गृहस्थ वाट चुकून इकडे आले, मला वाचलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून अर्धा तास उभे राहिले. कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही.

अजूनही माझा मान आहे म्हणायचा! तेव्हा या कधी भेटायला. बोला, बसा, पाठ टेका. फक्त माझ्याकडे बघत ताटकळू नका. गाडीचं मला खरंच कधी काही कळत नव्हतं.