शेवटचा फुगा

निळं म्हणजे कच्चं, काळं म्हणजे पक्कं. काडी आणि ढब्बूचं एवढं एकच ठरलेलं होतं, आणि त्यावर त्यांचं अख्खं कॉमिक उभं होतं. काडी चित्रं काढायची आणि फुग्यांत बोलणी लिहायची. मनासारखं सुचेपर्यंत काहीबाही निळ्या पेन्सिलीने, सुचलं की शिसपेन्सिलीने. ढब्बू तेवढ्या काळ्यावर शाई फिरवायचा. अक्षर मोत्यासारखं, पण लिहिताना एक शब्द वाचेल तर शपथ. "वाचलं की हात अडखळतो," म्हणायचा.

कॉमिकमध्ये एक मुलगी कोरड्या विहिरीच्या काठावर उभी राहते आणि आतून कुणीतरी तिच्याशी बोलतं. शाळेचा वर्षअखेरीचा प्रकल्प होता, उद्या सकाळी सरांच्या टेबलावर हवा. उशिरा आलेल्या कामाला सर हात लावत नसत, मग बसा वर्षभर बोंबलत. नेमकी शेवटची पानं राहिली असताना काडीची निळी पेन्सिल संपली. दुकानात जायला वेळ कुणाला होता? विहीर काय बोलते तेही सुचत नव्हतं. म्हणून मनात होतं तेच तिने शिसपेन्सिलीने खरडलं, नंतर खोडू म्हणून. तेवढ्यात सरांनी तिला प्रदर्शनाची मांडणी करायला बोलावलं आणि तिचा सगळा दिवस तिथेच गेला.

वर्गात परत आली तर ढब्बू हात पुसत उभा. "सगळं उरकलं. शाई फिरवली, छापून आणलं, तुझ्या आईकडे शिलाईला देऊनही आलो. आणि शेवटचा फुगा रिकामा ठेवलास ना, काय जबरी शेवट आहे."

काडीची आई छापखान्यात बाइंडर होती. प्रती घरी शिवून द्यायचं तिनेच कबूल केलं होतं.

काडीने टेबलावरची मूळ पानं ओढली. विहिरीच्या फुग्यात मोत्यासारख्या अक्षरात होतं, 'परवा आईचं ऑपरेशन आहे.' पुढच्यात, 'मला कळू नये म्हणून मावशीकडे जाते म्हणतेय.' आणि त्याच्या पुढच्यात, 'आई उठलीच नाही तर?'



आई मावशीशी फोनवर बोलत होती ते तिने दाराआडून ऐकलं होतं. आईच्या पोटात गाठ होती. पोरीची परीक्षा आहे म्हणून आईने एकदा ऑपरेशन पुढे ढकललं होतं, आणि आणखी उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ही आई म्हणजे पोरीचा चेहरा जरा उतरला की हातातलं काम टाकून बसणारी बाई. पोरीला सगळं कळलंय, पोरगी घाबरलीय, एवढं निमित्त तिला पुरे होतं. म्हणून तर काडी इतके दिवस घरात दात काढून हसत फिरत होती.

"अगं, झालं काय?" ढब्बू विचारत राहिला. ती केव्हाच जिना उतरली होती.

एकच आशा होती. बाइंडर वाचत नाही, पानांचे आकडे बघतो. आईच म्हणायची, वाचत बसले तर पानं कोण लावणार? आकडे बघ, आई, नुसते आकडे बघ, असं पुटपुटत ती धावत होती. सिग्नलपाशी एक गाडी अंगावर येता येता राहिली, ड्रायव्हरने शिव्या घातल्या, तिला एकही ऐकू आली नाही.

दार उघडंच होतं. आई जमिनीवर बसली होती. समोर घडी घातलेली पानं, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि एकही प्रत शिवलेली नव्हती. आईचे हात असे मांडीवर पडलेले काडीने कधी पाहिले नव्हते.

"हात धुऊन ये," आई म्हणाली. "डाग पडतील."

"वाचलंस?"

"आकडेच बघत होते गं. पण आपलं कुणी बोलत असलं की कान जातोच ना."

"ते कच्चं होतं, आई. निळी पेन्सिल संपली म्हणून झालं सगळं. तू पुढे ढकलू नकोस. मी मुळीच घाबरलेली नाही." बोलता बोलता तिचे दात वाजायला लागले.

आई आता म्हणेल, राहू दे, बघू पुढच्या महिन्यात. 

"सकाळी फोन करणार होते डॉक्टरांना, रद्द करा म्हणून," आई म्हणाली. "आणि सांगणार होते, मुलीचं महत्त्वाचं काम आहे. मागच्या वेळीही तुझंच नाव सांगितलं. तुझं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही." तिने दोरा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. "भीती मला वाटते गं. फार वाटते."

काडी तिच्या शेजारी टेकली. 

मग आईने शेवटचं पान पुढे केलं. "ही पोरगी काय म्हणते त्या विहिरीला? फुगा रिकामाच आहे."

"सुचलं नव्हतं."

"लिही काहीतरी, मग शिवते." आईने खुणा करायची आपली निळी पेन्सिल डब्यातून काढून दिली.

काडीने ती परत डब्यात ठेवली. दप्तरातून काळं पेन काढलं आणि फुग्यात लिहिलं, 'मी बरोबर येते.' अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की ढब्बूने पाहिलं असतं तर रडलाच असता. शाई वाळेपर्यंत दोघी पानावर फुंकर घालत बसल्या.

मग आईने दाभण उचललं.

"पुढची घे," ती म्हणाली. "सगळ्यांत लिहायचंय."