पान उलटू नका

वर काय बघताय? वर मी नाहीच. मी पानाच्या पाठीवर असते. शिरेच्या कडेला लालसर ठिपका दिसतोय ना, चिमटीतून सांडलेल्या तिखटाच्या कणाएवढा, ती मी. शेतीखात्याची माणसं मला लाल कोळी म्हणतात. या घरातल्या माणसांनी परवापरवापर्यंत मला कुठलंच नाव दिलं नव्हतं, कारण मला पाहिलेलंच नव्हतं. आमचा संसार फुलला तो त्यामुळेच.

घर अलिबागच्या रस्त्याला लागून आहे, म्हाताऱ्या दत्तारामचं. पूर्वी त्याचं मिठागर होतं. आता तिथे भराव पडलाय आणि मुलगा निकेत डंपर चालवतो. भरावाची मातीसुद्धा त्यानेच वाहिली म्हणतात. आम्ही नुसतं पान चोखतो, तर केवढा बोभाटा!

ओटीवरच्या कुंडीत गावठी गुलाब आहे, निकेतच्या बायकोचा, दिपालीचा. तिच्या आईच्या दारात, म्हसळ्याला, याचं मोठं झाड होतं. आई गेली, भावांनी जागा विकली, नव्या मालकाने झाड उपटून फरशी घातली. त्याआधी दिपालीने एक फांदी तोडून आणली, तेवढाच गुलाब उरला. माहेर म्हणून तिला आता ही कुंडीच आहे. मला काय, मला रस गोड लागला.

मी जन्मले इथेच. आमच्यात आठवड्याभरात पोर मोठी होते आणि पंधरवड्यात आजी, त्यामुळे घराण्याचा इतिहास मी ऐकून आहे. आमची पणजी रस्त्यावरच्या नर्सरीतून आली, शेवंतीच्या कुंडीत बसून, रिक्षातून, दिपालीच्याच मांडीवर. बाईने शेवंतीच्या कळ्या मोजून घेतल्या, पान एकसुद्धा उलटलं नाही. आणून ठेवली कुठे, तर गुलाबाला चिकटून. एकटा पडलाय, त्याला सोबत होईल म्हणाली. झाली की सोबत. शेवंती वाळली आणि आम्ही सगळे गुलाबावर राहायला आलो.

त्यातून उन्हाळा. रस्त्याची धूळ बसून बसून पानं मातकट झालेली. कोरडं ऊन आणि धूळ, आम्हाला आणखी काय हवं? दिपाली रोज पाणी घालायची, पण कुंडीत. पानं भिजली की बुरशी येते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या कुणाचं देव भलं करो.

पानांवर पांढुरके ठिपके पडले, शेंड्याला जाळी धरली, तेव्हा घर जागं झालं. सासूने, इंदूबाईने, निदान केलं, "नजर लागली गो. ते बंगलेवाले शनवारी येऊन फोटो काढून जातात ना, त्यांची." तिने मीठमोहरी ओवाळली आणि काळी बाहुली बांधली, दोऱ्याचं एक टोक कुंडीला, दुसरं शेंड्याला. वर जायला आम्हाला आयता जिना झाला.

मग निकेतने मोबाइलवर बघून लसूण-मिरचीचं पाणी केलं. ताठ उभा राहून वरून फवारलं. खाली बसून आम्हाला नुसता आवाज ऐकू येत होता. मिरची झोंबली ती त्याच्याच डोळ्यांना. त्यानंतर दुकानातून कीटकनाशक आलं. अहो, कीटकाला पाय सहा असतात, मला आठ आहेत. मोजायचे कष्ट कोण घेणार? त्या औषधाने ढालकिडे तेवढे मेले. बिचारे आम्हालाच खायला आले होते.

एवढं होऊनही गुलाब तगून होता. मग दत्तारामने मनावर घेतलं.

मिठावर जगलेलं घर हे. पाय मुरगळला, मिठाचा शेक. घसा धरला, मिठाच्या गुळण्या. माडाच्या आळ्यातही हे लोक मीठ घालतात, आणि माड खारा वारा खाऊनच वाढलेला, त्याला ते चालतं.

"माडाला चालतं, मंग याला का न्हाय? मिठानं कोनाचं वाईट झालंय?" म्हणत म्हाताऱ्याने दोन ओंजळी जाडं मीठ कुंडीत घातलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. दिपाली दारातच उभी होती. सासऱ्याला आडवं बोलायचं नाही म्हणून गप्प राहिली. गुलाब मेला तर चालेल, पण रीत मोडायची नाही.

पानांच्या कडा करपल्या. पहिल्यांदाच मला भीती वाटली, कारण घर तर माझंही तेच होतं. दिपालीने कुंडीजवळ बसून एक पान हातात घेतलं, ते गळून तिच्या मांडीवर पडलं. तेव्हा ती बोलली.

"बाबा, म्हसळ्याला आता माझं काय नाय राहिलं. आईचं म्हणून एवढंच होतं."

म्हातारा उठला, कुंडी स्वतः ओढत डंपर धुतात तिथे नेली आणि मुलाला हाक मारली. "गोड्या पान्यात मीठ जातं. धुवून काढ. माझी चूक झाली."

आता निकेतला धुणं माहीत ते एकच, डंपरचं. समुद्राकडच्या हवेत गाडी खालून गंजते, म्हणून इथे गाडीचं पोट आधी धुतात, रंग मागून. त्याने कुंडीत पाणी सोडून सोडून मीठ काढलं, आणि हातात पाइप होताच म्हणून, सवयीने, कुंडी आडवी करून झाडही धुतलं. खालून.

माझ्या लेकी, नाती, अंडी, जाळी, सगळं एका फवाऱ्यात चिखलात गेलं. मी देठाच्या बेचक्यात होते म्हणून वाचले. इतकी औषधं पचवली आम्ही, आणि आम्हाला मारलं कुणी, तर ज्याला आम्ही आहोत हेही ठाऊक नव्हतं त्याने. हे मला अजून पचत नाही.

त्याने पांढऱ्या फडक्याने पानांची पाठ पुसली. फडक्यावर तांबूस डाग उठले.

"दिपाली, याला गंज कसा आला?"

तिने फडकं उन्हात धरलं. गंज चालत होता.

तेव्हापासून गुलाब सावलीत आहे. चार नवे तांबूस कोंब आलेत. मी एकटी उरलेय, पण मी एकटी पुरेशी आहे. आम्हाला अंडी घालायला नवराही लागत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, सगळे आठही जोडून. तुमच्याही गॅलरीत कुंड्या असतील. बाहुल्या बांधा, वरून फवारा, कळ्या मोजा, फोटो काढा. पान तेवढं उलटू नका.

थांबा. पान हलतंय. उजेड आला, दिपालीची बोटं दिसली.

"बाबा, ही बघा, अजून एक हाय."

म्हातारा चष्मा लावून वाकला. मिठागरात खडे निवडलेले डोळे ते, मी लगेच सापडले. त्याने हात पुढे केला. या खेपेला त्यात मीठ नव्हतं, ओलं फडकं होतं.