पाच दिसांचं पाणी

"दमानं रं दादाभाऊ. गाडीत पाच दिसांचं पाणी हाय. हिंदकळू देऊ नको."

मित्रांनो, बावीस वर्षांपूर्वीचा हा आवाज माझ्या पत्र्यात अजून घुमतो. तो ठमाबाईंचा, म्हणजे माझे मालक दादाभाऊ यांच्या आईचा. जुन्नरच्या दवाखान्यातून पाच दिवसांची नात मांडीवर घेऊन त्या पिंपरी पेंढारला निघाल्या होत्या. बाळाची आई शेजारी डोळे मिटून बसली होती. रस्ता वळला तशा ठमाबाई माझ्याशीच बोलल्यासारख्या गुणगुणल्या:

वाटंच्या वळणाला, गाडीबाई जपून वळ
पाच दिसांचं पाणी माझ्या वटीत, नको खळखळ

मी एक जुनी पेट्रोलची व्हॅन आहे. तेव्हा पांढरीशुभ्र होते, आता जुन्या धोतरासारखी पिवळट झाले आहे. त्या दिवशी दादाभाऊंनी मला असं चालवलं की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून हसला. दादाभाऊंच्या त्या लेकीचं नाव पुढे जया ठेवलं.

माझं रोजचं काम खिंडीच्या चढाचं. सकाळी खिंड चढून वरच्या वाडीला जायचं, तिथल्या आठदहा बायकांना खाली टोमॅटोच्या शेतांवर आणायचं आणि दिवेलागणीच्या आत परत वर पोचवायचं. दाराशी नेहमी कोंडाबाई बसे, सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत बोलकी. "ही गाडी न्हाई बायांनो, आपली पाठची बहीण हाय," असं ती म्हणे. दसऱ्याला मला झेंडूचा हार असे. छोटी जया माझ्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावी, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून मला लगेच कुणी धूत नसे.

मग गेल्या वर्षी उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या आणि सीटखालचा माझा कॉम्प्युटर जळाला. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, हे तोच ठरवत असे. तसला आता कुठे मिळेना. सहा महिने मी गोठ्याच्या कडेला उभी होते. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. एक भंगारवाला येऊन माझ्या टायरला लाथ मारून गेला.

जया तोवर डिप्लोमा करून नारायणगावच्या एका गॅरेजात लागली होती. एका रविवारी तिने एक छोटी पेटी आणून माझ्या पोटात बसवली. ती पेटीही माझ्या जुन्या कॉम्प्युटरचंच काम करते, पण तिच्यातला तक्ता माणसाला स्वतः भरता येतो.

मित्रांनो, हा तक्ता म्हणजे भाकरीच्या पिठासारखा हिशेब. पीठ किती, त्यावर पाणी किती. माझं पीठ म्हणजे हवा आणि पाणी म्हणजे पेट्रोल. इंजिन हळू फिरतं की जोरात, ओझं थोडं की फार, अशा प्रत्येक घडीला एक खाना असतो आणि त्या खान्यात पेट्रोलचं माप लिहायचं असतं. माप बरोबर आहे का, हे धुराच्या नळीतला एक सेन्सर सांगतो. गाडी चालवत त्याची नोंद घ्यायची, मग घरी बसून खाने सुधारायचे.

दादाभाऊंनी जयाला एकच सांगितलं. "आठ दिसांत भरली गाडी पूर्वीवानी खिंड चढली तर ठेवू. न्हाईतर त्या भंगारवाल्याला हो म्हनतो."

चार दिवस जया पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. मागे बायका, चाकावर दादाभाऊ. खिंड आली की ते पहिल्या गिअरवर मुंगीच्या पावलाने चढत.

"दादाभाऊ, वरात हाय का कुणाची?" कोंडाबाई विचारी. "आमच्या चुली थंड पडल्या की राव."

"चालतीय न्हवं? बस मग," दादाभाऊ म्हणत.

नोंद मिळाली तसे लॅपटॉपवरचे खाने एकेक हिरवे होत गेले. फक्त कोपऱ्यातले, मोठ्या ओझ्याचे आणि जोराच्या चढाचे, पांढरेच राहिले. जयाने ते शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरले.

पाचव्या दिवशी ती गॅरेजला गेली. शेजारची सीट मोकळी होती. दादाभाऊंनी नेहमीसारखा दुसरा गिअर टाकला आणि पाय खालपर्यंत दाबला. त्या पांढऱ्या खान्यांत मी पहिल्यांदाच शिरले, आणि तिथे पेट्रोल कमी पडलं. इंजिन ठणठण वाजू लागलं, पाणी उकळलं, निम्म्या चढावर मी बंद पडले.

"उतरा गं," कोंडाबाई म्हणाली. "बहिणीला आज माहेरी न्यायला खांदा द्यावा लागतोय."

ढकलूनही मी चढेना, तेव्हा बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालत वर गेल्या. मला उतारावर मागे सोडत खाली आणलं.

संध्याकाळी जया माझ्या पायरीवर बसली. "माझंच चुकलं आप्पा. अंदाज कमी पडला. द्या भंगारात."

दादाभाऊ उपरण्याचं टोक पिळत उभे होते. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. त्यांना तोंड होतं, तरी ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "परवा येतोय भंगारवाला. उद्या एकदा बघू. पन तू येऊ नको."

जयाचा चेहरा उतरला. तरी तिने कोपऱ्यातल्या खान्यांत पेट्रोल सढळ हाताने वाढवलं आणि नोंद आपोआप होईल अशी सोय केली. "ठणठण ऐकू आली तर पाय काढा," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी, मित्रांनो, मी भरल्या पोटी खिंडीला भिडले. दुसरा गिअर, पाय तळाला. धूर थोडा काळा निघाला, पण ठणठण नाही. वळण गेलं, पिंपरणीचं झाड गेलं, आणि वाडीची पहिली चूल दिसली. कोंडाबाईने उतरताना माझ्या दारावर थाप मारली.

"काल लेक न्हवती तवा पळवायला गेला, आज बी पळवली. लेक असली की मुंगी. आमी काय वाटंवर सापडलेल्या का दादाभाऊ?"

दादाभाऊंनी मला उताराला लावलं.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेलपाणी हवं, उंदरांपासून राखण हवी, हे तर खरंच. पण त्याला खरं सांगणारं माणूसही हवं. नोंद खोटं बोलत नाही, पण जे तिला दाखवलंच नाही ते ती कुठून लिहिणार?

घरी आल्यावर जयाने लॅपटॉप जोडला. कोपऱ्यातले खानेही हिरवे झाले होते. तिने ते एकेक करून तपासले.

"आप्पा, पेट्रोल थोडं जास्तच झालंय, ते मी कमी करते. पन गाडी एवढी दाबता तुमी. मग ते चार दिस का न्हाई दाबली? माझ्या कामावर भरवसा न्हवता?"

दादाभाऊंनी माझ्या दिव्यावरची धूळ तळहाताने पुसली.

"भरवसा व्हता. काम तुझं बरोबर व्हतं जये, नोंद मी चुकवली. कालच सांगायचं व्हतं, जीभ उचलली न्हाई. तू शेजारी बसलीस का माझा पायच दाबत न्हाई. बावीस वर्सं झाली, पन ते पाणी अजून हिंदकळंल असं वाटतं."