गिऱ्हाइकाचं गाणं

संपदाच्या आईला पुण्यात बरेच दिवस वाटत होतं, बेला ही कुणी बाई आहे. "काल बेलासानना घेऊन हाकोनेला गेले होते," असं लेक जपानहून फोनवर सांगायची आणि आई म्हणायची, "अगं, मग बोलाव ना त्यांना एकदा जेवायला. एकट्याच असतात म्हणतेस." 'सान' जपानीत बाई-पुरुष दोघांनाही लावतात, म्हणून शेवटी संपदाने फोटोच पाठवला. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला सावळा माणूस, काळ्या जाकिटात, हनुवटीखाली व्हायोलिन धरून कुणाच्या तरी टेबलाशेजारी वाकलेला. आईने फोटो निरखला आणि म्हणाली, "हे तर आपल्या बाळासाहेबमामांसारखे दिसतात."

बेला चोंका बुडापेस्टचे. जग ज्यांना जिप्सी म्हणतं, त्या रोमा लोकांतले. पण तांडा, घोडागाडी, शेकोटी यांतलं त्यांच्या सात पिढ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. शहराच्या आठव्या वॉर्डात वादकांची वस्ती होती, तिथे एका खोलीच्या घरात ते वाढले. बाप हॉटेलात वाजवायचा, आजोबा हॉटेलात वाजवायचे. मुलगा सहा वर्षांचा झाला की हातात छोटं व्हायोलिन यायचं, तसं त्यांच्याही हातात आलं. विशी-पंचविशीत ते डॅन्यूबकाठच्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात स्वतःच्या बँडचे म्होरके झाले. म्होरक्याचं काम नुसतं वाजवण्याचं नसे. गिऱ्हाईक जेवत असताना त्याच्या टेबलाशी जायचं, तोंड पाहून माणूस ओळखायचा, आणि त्याला हवं ते गाणं त्याच्या कानाशी वाजवायचं. कुणी लग्नातलं मागे, कुणी गावाकडचं, कुणी मेलेल्या भावाचं. गाणं येत नसेल तर माणसाने गुणगुणायचं आणि म्होरक्याने मागोमाग जायचं.

पुढे तिथलं राज्य बदललं, रेस्टॉरंटं विकली गेली, नव्या मालकांनी भिंतींवर स्पीकर लावले. बेलांची बायको त्याआधीच गेली होती. लग्न झालेली मुलगी एर्झी व्हिएन्नाला राहायची. अशात जपानमधल्या एका हॉटेलला जेवणाच्या वेळी वाजवणारा जिप्सी बँड हवा होता, म्हणून पाच जण सहा महिन्यांसाठी आले. चौघे परत गेले. बेला राहिले, कारण परत जाऊन उभं राहावं असं एकही टेबल तिथे उरलेलं नव्हतं.

त्याला वीस वर्षं होत आली होती. आता ते तोक्योच्या ओजिमा भागात सरकारी वसाहतीतल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहात, आणि त्याच वसाहतीत दोन इमारती सोडून संपदा, तिचा नवरा निहार आणि मुलगी अस्मिता. पुण्यात जपानी शिकून संपदा इथे आली होती आणि हॉटेलांना, लग्नाच्या हॉलना वादक पुरवणाऱ्या एका छोट्या एजन्सीत काम करत होती. बेलासानच्या तारखा घेणं, त्यांना वेळेवर पोचवणं, त्यांच्या जाकिटाची इस्त्री पाहणं, सगळं तिच्याकडे. दोघं जपानीतच बोलत. त्यांचं जपानी हॉटेलातलं, अदबशीर आणि मोडकं.

एका दिवाळीला तिने त्यांना भारतीय मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायला नेलं होतं. तिथे एका गृहस्थांनी माइकवर सांगितलं की हे रोमा लोक हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, तेव्हा हा आपला हरवलेला भाऊ आज घरी आला आहे. टाळ्या झाल्या. कुणी त्यांना आकडे मोजायला लावले, आणि एक, दोन, पाच हे आपल्यासारखेच निघाल्यावर पुन्हा टाळ्या झाल्या.

"वाईट वाटलं का?" परतताना ट्रेनमध्ये संपदाने विचारलं.

"नाही, चांगले लोक आहेत. जेवणही चांगलं होतं." मग म्हणाले, "बुडापेस्टात रस्त्यावर लोक ओरडायचे, जा तुझ्या भारतात. इथे म्हणतात, ये, घरी ये. मी आठव्या वॉर्डातला आहे, संपदा. तिथलं मला कुणी विचारत नाही."

मग दोन हजार अकरा साली मार्चमध्ये भूकंप झाला. ओजिमात कपाटं पडली, लिफ्ट बंद झाल्या, आणि नऊ मजले चढउतार करताना बेलासानचे गुडघे कायमचे दुखावले. निहारच्या इन्स्टिट्यूटमधली लॅब बंद पडली होती. तो अस्मिताला घेऊन पुण्याला गेला. संपदा मागे राहिली, कारण एजन्सीचे मालक कुरोदासान आणि ती एवढेच लोक ऑफिसात उरले होते. काम म्हणजे एकच: फोन उचलायचा आणि रद्द झालेली तारीख खोडायची. ईशान्येच्या किनाऱ्यावर एवढी माणसं त्सुनामीत वाहून गेलेली असताना गाणंबजावणं शोभत नाही, असं सगळ्या देशाने ठरवल्यासारखं झालं होतं. लग्नंसुद्धा लोकांनी पुढे ढकलली. एर्झी व्हिएन्नाहून रोज फोन करून वडिलांना बोलवत होती. "इथे जमीन हलते, तिथे मी काय करू?" एवढंच ते म्हणायचे.

संध्याकाळी संपदा घरी येऊन पुण्याला फोन लावी. अस्मिता जपानीत बोले, आजी मध्येच "काय म्हणते ही?" विचारी. फोन ठेवला की स्वयंपाक करायचा कंटाळा येई. मग ती कन्व्हिनियन्स स्टोअरमधून दोन डबे घेऊन बेलासानकडे जाई. दोघं टीव्हीसमोर जेवत.

जुलैत कुरोदासानना एक काम मिळालं. एका मोठ्या कंपनीला किनाऱ्यावरच्या गावांत वादक पाठवायचे होते, घरंदारं गेलेल्या लोकांना धीर द्यायला. संपदा व्हॅन चालवत बेलासानना घेऊन मियागीकडच्या एका गावात गेली. उंचावरच्या शाळेच्या मैदानात पत्र्याच्या तात्पुरत्या घरांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. मधल्या बैठकीच्या खोलीत तीसेक माणसं जमिनीवर बसली होती, बहुतेक म्हातारी. बेलासाननी हंगेरीतली नाचाची धून वाजवली, हळू सुरू होऊन वाऱ्यासारखी सुटणारी. हॉटेलात तिच्यावर हमखास टाळ्या पडत. इथेही पडल्या, एकसारख्या, नेमून दिल्यासारख्या.

मधल्या सुट्टीत चहा करणाऱ्या चिबासान नावाच्या बाई संपदाला म्हणाल्या, "तुम्ही लांबून आलात, फार उपकार झाले." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "काल ढोलवाले आले होते. परवा विदूषक. उद्या पियानो येणार आहे. खोली झाडायची, बसायचं, धीर घ्यायचा. दमायला होतं हो."

संपदाने हे बेलासानना सांगितलं. सांगू नये असं तिला वाटत होतं, पण तीही दमली होती. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी स्वरलिपीचं स्टँड मिटून भिंतीला टेकवलं, गुडघ्यांवर हात देत मंचावरून उतरले आणि माणसांत जाऊन बसले. जवळ ओनोदेरासान नावाचे एक म्हातारे कोळी होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बेलासान त्यांच्याकडे झुकले आणि टेबलाशी विचारावं तसं विचारलं, "आपल्याला काय ऐकायला आवडेल?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही."

"मलाही जपानी फार कळत नाही. गुणगुणा."

मग ओनोदेरासान खाली बघत गुणगुणू लागले. जुनं सिनेमातलं काहीतरी असावं. पहिली ओळ बरी होती, दुसरी भलतीकडेच गेली.

"तसं नाही हो ते," चिबासान म्हणाल्या. "पुढे वर जातं ते."

"माहीत आहे," ओनोदेरासान म्हणाले. "ती असंच म्हणायची. जाळी शिवताना. चाळीस वर्षं चुकीचंच म्हणायची."

त्यांची बायको लाटेत गेली होती, हे खोलीत संपदा आणि बेलासान सोडून सगळ्यांना माहीत होतं. बेलासाननी व्हायोलिन उचललं. पहिली ओळ वाजवली, आणि दुसरी ओनोदेरासाननी म्हटली तशी, भलतीकडे जाणारी. अगदी हलक्या आवाजात, एका माणसापुरती. पुन्हा वाजवली. चिबासान आधी हसल्या, मग त्यांनी गळ्यातला टॉवेल तोंडावर धरला. त्यानंतर एकेक जण मागू लागलं. कुणाचं शाळेचं गाणं, कुणाचं गावच्या जत्रेतलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण चहा दोनदा झाला.

परत येताना व्हॅनमध्ये ते म्हणाले, "किती वर्षांनी काम केलं." आणि मान टाकून झोपले.

कुरोदासान वाईट माणूस नव्हते. त्यांना यात काम दिसलं, आणि ऑफिसला कामाची गरज होती. 'तुमचं गाणं' नावाचा कार्यक्रम तयार झाला. ऑगस्टपासून बेलासान आणि संपदा गावोगाव हिंडू लागली. पुढे लोकांकडून गाणी आधीच लिहून मागवायची पद्धत पडली, म्हणजे वेळ जात नाही. बेलासान ती घरी बसवत आणि तिथे जाऊन वाजवत. सप्टेंबरात निहार आणि अस्मिता परत आली, पण संपदा अर्धा वेळ रस्त्यावरच असे. बेलासानच्या डाव्या करंगळीचा सांधा आधीपासून धरलेला होता. आता ते प्रत्येक थांब्यावर गरम चहाचा छोटा कॅन विकत घेऊन मुठीत धरून बसत.

नोव्हेंबरात टीव्हीवाले आले. त्यांना जिथे हे सुरू झालं ती खोली हवी होती, आणि ओनोदेरासान. कुरोदासान त्या दिवशी मुद्दाम बरोबर आले होते. दिग्दर्शक तरुण होता, फार नम्र. त्याने ओनोदेरासानना बायकोविषयी दोन शब्द बोलायला सांगितले, मग गुणगुणायला. पहिल्यांदा त्यांचा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा चांगलं जमलं, पण मध्येच गावाचा भोंगा वाजला. दिग्दर्शक गुडघ्यावर बसून म्हणाला, "ओनोदेरासान, त्रास देतोय, माफ करा. अगदी तसंच, एकदाच."

ओनोदेरासान "हो" म्हणाले. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. त्यांनी हात मांडीवर ठेवले, खाली पाहिलं आणि श्वास घेतला. संपदा दाराशी उभी होती. तिला आत बघवेना.

तेवढ्यात बेलासाननी व्हायोलिन खाली घेतलं.

"माझं बोट चालत नाही," ते म्हणाले.

कुरोदासान पुढे आले. "थोडं थांबू या का? गरम पाणी आणतो."

"नाही. आज जमणार नाही. म्हातारा झालो. चूक माझी आहे." ते उठले आणि दिग्दर्शकापुढे कंबरेत वाकले, आणि कॅमेरावाल्यांपुढेही. लोकांनी सामान आवरलं. कुणी रागावलं नाही, उलट दिग्दर्शकाने त्यांना मलम सुचवलं. ओनोदेरासान व्हॅनपर्यंत सोडायला आले. नुसते उभे राहिले, व्हॅन वळेपर्यंत.

ज्याचं बोट टीव्हीवाल्यांसमोर थांबलं, त्याला पुढे कोण बोलावणार? कार्यक्रम दुसऱ्या एका तरुण वादकाकडे गेला. नव्या वर्षात लग्नाचे हॉल पुन्हा भरू लागले, तिथेही बेलासानचं नाव निघेना. संपदा कुरोदासानशी दोनदा भांडली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "संपदासान, त्यांनी स्वतःच सांगितलं ना."

फेब्रुवारीत एका रविवारी ती साबुदाण्याची खिचडी घेऊन त्यांच्याकडे गेली. ते खिडकीशी बसून खाली सायकली बघत होते.

"बोट कसं आहे?"

"बोट चार वर्षं तसंच आहे." त्यांनी घास घेतला. "त्या दिवशी जरा बरंच होतं."

"मग कुरोदासानना सांगायचं ना खरं काय ते."

"काय सांगू? टीव्हीवाले वाईट आहेत? नव्हते. प्रत्येक वेळी 'माफ करा' म्हणत होता बिचारा." मग ते म्हणाले, "ओनोदेरासानना नाही म्हणता येत नव्हतं. मला येत होतं. मी पाहुणा आहे, माझं चालतं."

"पण तुमचं काम गेलं."

"काम जाणारच होतं. हे काय आहे? दाणे घातलेत का?"

एप्रिलमध्ये वडिलांना न्यायला एर्झी स्वतः आली, चाळिशीची, वडिलांसारखीच सावळी. तिला वाटलं होतं वाद घालावा लागेल. वाद झाला नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं आणि झोपायला गेले. मग तिघांनी मिळून घर आवरलं. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, मोठ्या सामानावर पालिकेची चिठ्ठी. वीस वर्षांचं घर खाली कचऱ्याच्या जागी फार थोडी जागा अडवून बसलं. काळी जाकिटं एर्झी ठेवू या म्हणत होती. ते नको म्हणाले.

नारिता विमानतळावर तिघं लवकरच पोचली. एर्झी व्हीलचेअरचं विचारायला काउंटरवर गेली आणि बेलासान बाकावर बसल्याबसल्या झोपले. तोंड किंचित उघडं, मिशा श्वासाबरोबर हलत होत्या, मान हळूहळू संपदाच्या खांद्याकडे कलत होती. तिला त्यांच्याशी बोलायचं होतं. व्हिएन्नात काय करणार, फोन करत जा, असं काहीबाही. वाटेत तिने मनात वाक्यंही जुळवली होती. पण इतक्या वर्षांत त्यांना असं गाढ झोपलेलं तिने क्वचितच पाहिलं होतं. व्हॅनमध्येसुद्धा ते एका कानाने जागे असत, पोचताच उठून वाजवायचं असे म्हणून. ती खांदा न हलवता बसून राहिली.

एर्झी परत आली. वडिलांकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "उठवायचं का?"

"अजून वेळ आहे," संपदा म्हणाली.

एर्झीने कोट काढून वडिलांच्या गुडघ्यांवर घातला आणि ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली.