निबंधाच्या बाईंची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. एक हात मोडलाय, पण पाठ अजून ताठ आहे. चांगल्या सागवानातून सुताराने मला घडवलं आणि कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलाशी आणून ठेवलं. माझं सारं आयुष्य तिथेच गेलं.

बाईंची एक रीत होती. तपासायच्या आधी त्या प्रत्येकाला माझ्यावर बसवत, त्याचा निबंध टेबलावर पालथा ठेवत आणि म्हणत, "आता तोंडाने सांग." स्वतः शोधून लिहिणारा बोलत सुटे. उचलून आणणारा माझी कड नखाने खरवडत बसे. मला अक्षरओळख नाही, पण कोण कसा आलाय ते बूड टेकताच मला कळे.

मग विभागाला नवे साहेब आले. "आता निबंध कॉम्प्युटर तपासेल. एकेकाला बसवून गप्पा कसल्या मारता?" म्हणाले. गप्पा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला उचलायला शिपाई आला त्या दिवशी माझ्यावर एक पोरगी बसली होती. कॉलेजात आलेली घरातली पहिलीच. कॉम्प्युटरने तिचा निबंध चोरीचा ठरवला होता आणि साहेब तिला नापास करणार होते. नापास झाली की शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं.

बाईंनी निबंध हातात घेतला. "'माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात असे आढळले की तरुणांना वाचनाची गोडी उरलेली नाही.' वीस वर्षं शिकवतेस होय गं? पाळण्यातच वर्ग भरवलास वाटतं?"

पोरगी रडवेली झाली. "पुस्तकातलं आहे, बाई."

"ते दिसतंय. तू जातेस का वाचनालयात?"

"कशी जाणार? ते पाचला बंद होतं. घरची कामं आटपेस्तोवर सहा वाजतात. माझ्या मावसबहिणींचंही तेच."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं? ते तर आम्ही घरात बोलतो."

तेवढ्यात साहेब दारात आले. "बाई, चोरी ती चोरी. आटपा. शिपाई खोळंबलाय."

"चोरी आहेच," बाई म्हणाल्या. "पण कुठून घेतलं ते लिहायचं असतं, हे हिला आजवर सांगितलं कुणी? शाळेत पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं की पाठ थोपटायची आणि इथे आल्यावर चोर म्हणायचं? ती उठेपर्यंत खुर्ची हलणार नाही."

मीही चारी पाय रोवले. शिपाई गालातल्या गालात हसला.

मग बाई पोरीकडे वळल्या. "वाचनालयातल्या काकांना विचारलंस, पाचला का बंद करता?"

"नाही."

"मग तुझंही अर्धंच झालं. जा, विचारून ये."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालत सोमवारपर्यंत मुदत दिली.

सोमवारी तिने माझ्यावर बसून नवा निबंध बाईंना वाचून दाखवला. काकांनी तिला सांगितलं होतं, "सकाळपासून मी एकटाच, जोडीला माणूस दिलेला नाही." तिने त्यांचीही बाजू लिहिली. पुस्तकातलं वाक्य लेखकाच्या नावानिशी दिलं आणि खाली लिहिलं, 'आमच्या गल्लीत मात्र असे नाही.' कुणी काय सांगितलं ते शेवटी नोंदवलं. त्यात मावसबहिणीही होत्या. साहेबांनी तिला पास केलं. कौतुकाचा एक शब्द नाही! आणि दुसऱ्याच दिवशी मला बाहेर काढलं.

आता मी जिन्याखाली असते. माझ्यावर फिनेलच्या बाटल्या ठेवतात. ठेवा. पण माझ्या जागी ठेवलेला तो कॉम्प्युटर दिवसभर पोरांना चोर ठरवतो आणि एकालाही विचारत नाही, "बाळा, तुला स्वतःला काय दिसलं?"

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा हातही नको. उद्या तुम्ही मास्तर व्हाल, साहेब व्हाल. कुणाचं लिहिलेलं फेकण्याआधी त्याला समोर बसवा. खुर्ची नसेल तर जमिनीवर बसवा. पण विचारा.