सीटखालची वायर

मी गवत कापायचा एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे, मित्रांनो, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. तुम्ही लहान आहात म्हणून सांगतो. मोठ्यांना सांगून काही उपयोग होत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लालभडक होतो. चार चाकं, एक सीट आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. सीटखाली एक लहानसा स्विच होता. चालक सीटवर बसला की त्याच्या भाराने तो दबायचा आणि मी चालायचो. पाती फिरत असताना चालक उठला, की माझं इंजिन तिथल्या तिथे बंद पडायचं. कुणाचा हात-पाय पात्यांत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय.

ज्या घरी मी आलो, तिथले वडील आपली मोठी हिरवळ समारंभांना भाड्याने देत. काम झालं की ते मला स्वतः फडक्याने पुसत. "हा माझा तिसरा मुलगा," ते आल्यागेल्याला सांगत, "आणि तिघांत माझं ऐकणारा एवढाच." खरे दोन मुलगे शेजारीच उभे असत. ते माझ्याकडे कसे बघायचे, ते मी विसरलेलो नाही.

वडील गेले आणि हिरवळीची वाटणी झाली. उताराचा वरचा भाग थोरल्याचा, खालचा धाकट्याचा, मधे कुंड्यांची रांग. माझे काही दोन तुकडे करता येईनात, म्हणून मी सामाईक राहिलो. एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. दोघांचा म्हणजे कुणाचाच नाही. थोरला माझी टाकी कोरडी करून मला परत पाठवायचा, तर धाकटा पाती दगडांवर बोथट करून. पुसायचं तर नावच नको. भावांचं आपसांत बोलणं बंद होतं. काही निरोप असलाच, तर तो थोरल्याच्या बायकोमार्फत जायचा. तिला सगळेच वहिनी म्हणत.

एका सकाळी थोरला मला चालवत होता. जमिनीतल्या उंचवट्यावर मी उसळलो आणि बंद पडलो. त्याने चावी फिरवली, मी सुरू झालो. पुढच्या उंचवट्यावर पुन्हा बंद.

"मेल्या, भंगारात घालीन तुला!" असं म्हणत त्याने मला लाथ घातली.

मग त्याने नवी बॅटरी आणली. फ्यूज बदलला. स्पार्क प्लग बदलला. उंचवटा आला की मी बंद पडायचो तो पडायचोच. शेवटी त्याने सीट उचलून पाहिलं. स्विचकडे जाणारी वायर सोलवटली होती, तांब्याच्या एका तारेवर कशीबशी तग धरून होती. थोरल्याच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. तो कुंड्यांपाशी जाऊन ओरडला, "वायर कापलीस माझी?"

धाकटा पाण्याचा पाइप गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. "वहिनी, यांना सांगा, मी कापली असती तर अर्धवट कापली नसती."

"ऐकलंस? कबूल केलं याने!"

"मी काही तुमचा टपालवाला नाही," आरडाओरडा ऐकून बाहेर आलेली वहिनी कडाडली. "तुमचं तुम्ही बोला. आणि अहो, आधी ती वायर धड जोडा."

थोरल्याने ती जोडली नाही. त्याने स्विचच्या वायरीचा प्लग उपटला आणि इंजिनाकडून येणाऱ्या दोन टोकांत तारेचा तुकडा खुपसला. "आता बघतो, कोण मला अडवतो ते!"

मित्रांनो, त्या तुकड्याने मला खोटारडा केलं. सीट रिकामी असली तरी माझ्या इंजिनाला वाटायचं, कुणीतरी बसलंय. मी सगळे उंचवटे न थांबता पार केले. थोरला खूश झाला. लाथेऐवजी मला पहिल्यांदा शाबासकी मिळाली, तीही या फसवणुकीबद्दल.

दोनच दिवसांनी, समारंभाची तयारी चालू असताना, माझ्या पोटाखाली ओल्या गवताचा बोळा अडकला. थोरला उताराच्या मध्यावर उतरला. काम चालू असताना मधेच उतरलं, तर चावी बंद करायची त्याला सवयच नव्हती. आजवर तो उतरला की मी आपोआप थांबत आलो होतो. त्याने वाकून गवतात हात घातला.

मला तोंड असतं तर मी गाव गोळा केला असता.

किंकाळी फोडून तो मागे कोसळला, आणि त्या धक्क्याने मी, पाती फिरवत, उतारावरून त्याच्याच दिशेने घरंगळू लागलो. धाकटा कुंड्यांवरून धावत आला. दोन कुंड्या फुटल्या. त्याने धावता धावताच माझी चावी फिरवली आणि ब्रेक दाबून धरला. मी थोरल्याच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलो.

अंगातला शर्ट काढून धाकट्याने तो भावाच्या हाताला आवळला. "गाढवा, चावी बंद करायला काय झालं होतं?"

"उतरलं की थांबतो रे तो..."

"थांबायचा! तूच त्याचं थांबणं बंद केलंस!"

दोन बोटांची पेरं गेली. थोरला दवाखान्यातून आला, तेव्हा धाकट्याने मला त्याच्या खुर्चीसमोर आणून उभं केलं आणि सीट उचलली. वीज जाते की नाही ते दाखवणारा टेस्ट लॅम्प वायरीला लावून त्याने सीट दाबली. दिवा लुकलुकला आणि विझला.

"हा पत्रा बघ. धारेवर तांबं चमकतंय ना? आपण बसलो की सीट दबते आणि वायर इथे घासते. कापली कोणी म्हणत होतास? तुझ्या बुडाने!"

वहिनीला हसू आवरेना. थोरला गुरकावला, "तूही बसतोसच की."

"बसतो ना. अर्धी माझ्याही बुडाने. इथेही वाटणीच."

त्याने नवी वायर टाकली, तिच्यावर रबरी नळी चढवली आणि ती धारेपासून लांब बांधली. तारेचा तुकडा काढून फेकला आणि प्लग जागेवर बसवला. मग तो सीटवर बसला, पाती सुरू केली आणि उठला. मी थांबलो.

"परत," थोरला म्हणाला.

मी परत थांबलो.

"परत."

कितीदा तरी झालं. थोरला बघतच राहिला. त्याने माफी मागितली नाही, आणि धाकट्यानेही ती मागितली नाही. ते अजूनही भांडतात. फक्त आता एकमेकांच्या तोंडावर भांडतात, त्यामुळे वहिनीला तेवढीच उसंत.

मित्रांनो, यंत्र अडलं तर ते का अडलं हे आधी शोधा. राग आवरत नसेल तर मला लाथ मारा, माझा पत्रा जाड आहे. पण जो तुमच्या भल्यासाठी तुम्हाला अडवतो, त्याचं तोंड बांधू नका. माझी पाती हात ओळखत नाहीत.